चार्ली हेडन, जॅझचे बासवादक आणि शिक्षक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्ली हेडन कोण होते?

अमेरिकेतले जॅझ बासवादक, संगीतकार आणि शिक्षक. जन्म ६ ऑगस्ट १९३७, आयोवा राज्यातल्या शेनांडोआ या छोट्या गावात. निधन ११ जुलै २०१४, लॉस एंजेलिसमध्ये. १९५९ मध्ये ऑर्नेट कोलमन यांच्या चौकडीतून ते पुढे आले, त्यानंतर पियानोवादक कीथ जॅरेट, हार्पवादक ॲलिस कोल्ट्रेन, गिटारवादक पॅट मेथनी अशा अनेकांबरोबर वाजवलं, स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला, आणि १९८२ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स (कॅलआर्ट्स) या संस्थेत जॅझ शिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू केला.

एवढी माहिती कुठल्याही कोशात मिळेल. पण हेडन यांचं वादन, त्यांची राजकीय भूमिका आणि त्यांचं शिकवणं या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे तिथे कळत नाही. दुसऱ्याचं नीट ऐकणं आणि मग जो एकच स्वर खरोखर लागतो तो पूर्ण जीव ओतून वाजवणं, यावर त्यांचं सगळं उभं होतं. खालची उत्तरं वाचताना हा धागा पुन्हा पुन्हा हाताला लागेल.

डबल बास आणि बेस गिटार एकच का?

नाही. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं वाद्य. साधारण सहा फूट उंच, उभं राहून किंवा उंच स्टुलावर बसून वाजवायचं. चार तारा, सगळ्यात खालची तार मोकळी छेडली की सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते बहुतेक वेळा गजाने वाजतं, जॅझमध्ये बोटांनी. बेस गिटार हे विजेवर चालणारं, गळ्यात अडकवायचं वाद्य, ते खूप नंतर आलं.

जॅझमध्ये बासवाल्याकडे दुहेरी काम असतं. ठेका धरायचा आणि सुरावटीला तळ द्यायचा. आपल्याकडे ही दोन कामं तबला आणि तानपुरा यांच्यात वाटलेली असतात, तिथे ती एकाच माणसाच्या खांद्यावर येतात. म्हणून बासवाला चुकला तर सगळी मैफल डळमळते, आणि बासवाला चांगला असेल तर बहुतेक श्रोत्यांना तो आहे हेही जाणवत नाही.

लहानपणी ते गायक होते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. आईवडील लोकसंगीत गाणारे. सगळं कुटुंब मिळून रेडिओवर रोज कार्यक्रम करायचं. अमेरिकन लोकसंगीतात ज्यांचं नाव आजही आदराने घेतात त्या कार्टर फॅमिलीशी त्यांचा घरोबा होता. हेडन सांगत, की आई मांडीवर घेऊन झोपवताना गुणगुणत असे, आणि एक दिवस तिच्या सुराला पूरक असा दुसरा सूर हे बाळ आपणहून गुणगुणू लागलं. आईने ठरवलं, पोरगा तयार आहे. बावीस महिन्यांचे असताना ते रेडिओवर गायले. 'काउबॉय चार्ली' या नावाने श्रोते त्यांना ओळखू लागले.

त्या काळातलं एक ध्वनिमुद्रण टिकून राहिलं आहे. २००८ च्या 'रॅम्बलिंग बॉय' या अल्बममध्ये त्यांनी ते घेतलं. दोन वर्षांचं मूल, वडील त्याची ओळख करून देतात आणि ते योडलिंग करत, म्हणजे आवाज भराभर वर-खाली फेकत, गातं. मूल बोबडं आहे, पण सूर पक्के आहेत.

पुढे कुटुंब मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डला राहायला गेलं. तिथे आई त्यांना कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये घेऊन जायची, मागच्या बाकावर बसून दोघं तिथली भजनं ऐकायची. वर्णभेद रोजच्या व्यवहारात मुरलेल्या त्या गावात गोऱ्या बाईने मुलाला घेऊन असं जाणं साधी गोष्ट नव्हती. हेडन यांच्या पुढच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ मला त्या बाकावर दिसतं.

मग गाणं का सुटलं?

पोलिओ. पंधराव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. पोलिओ म्हटलं की आपल्याला पाय आठवतो, पण त्यांच्या बाबतीत विषाणूने मेंदूच्या देठाजवळच्या, गळ्याच्या आणि चेहऱ्याच्या नसा पकडल्या. जीव वाचला, चालणं-फिरणं शाबूत राहिलं, पण आवाजावरचा ताबा गेला. जन्मापासून गाणाऱ्या मुलाला गाता येईना.

घरात थोरल्या भावाचा डबल बास होता. भाऊ बाहेर गेला की हे तो वाजवत. गळ्यातून जे निघत नव्हतं ते त्या वाद्यातून निघू लागलं. त्याआधीच, चौदाव्या वर्षी, ओमाहा शहरात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करना प्रत्यक्ष ऐकून जॅझचं वेड लागलेलं होतंच.

त्यांनी संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं होतं का?

फार थोडं. ओबर्लिन या नामवंत संगीत महाविद्यालयाने त्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली होती. तिथे जॅझ शिकवत नाहीत म्हणून त्यांनी ती नाकारली. स्प्रिंगफील्डमध्ये बुटांच्या दुकानात काम करून आणि तिथल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात बास वाजवून पैसे साठवले आणि १९५७ मध्ये लॉस एंजेलिस गाठलं. वेस्टलेक नावाच्या संगीतशाळेत नाव घातलं खरं, पण पियानोवादक हॅम्प्टन हॉज कुठे भेटतील याचीच ओढ जास्त होती. लवकरच रात्री क्लबांत वाजवणं सुरू झालं आणि शाळा मागे पडली. पियानोवादक पॉल ब्ले यांच्याबरोबर पहिलं ध्वनिमुद्रणही त्याच सुमारास झालं.

या काळात बासवादक स्कॉट लफारो त्यांच्याबरोबर एकाच घरात राहायचे. दोघं एकाच पिढीतले आणि दोघांनी बासची वाट बदलली, पण अगदी उलट दिशांनी. लफारो वरच्या पट्टीत, वेगाने, जवळजवळ गिटारसारखं वाजवायचे. हेडन खर्जात राहिले. वेग आणि करामत यांच्या मागे ते कधीच लागले नाहीत.

ऑर्नेट कोलमनबरोबर असं काय घडलं, की आजही त्याची चर्चा होते?

हे नीट समजून घ्यायला हवं, म्हणून थोडं सविस्तर.

त्या काळापर्यंत जॅझची रीत ठरलेली होती. गाण्याची धून वाजवायची, मग त्या धुनेखालच्या कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, ठरलेला क्रम फिरत राहतो आणि प्रत्येक वादक त्या क्रमावर आपली कल्पना मांडतो. बासवाल्याचं काम तो क्रम दाखवत चालणं. एका मात्रेला एक स्वर, चालत्या पावलांनी. आता कुठली कॉर्ड आली हे इतरांना बासवरून कळायचं.

सॅक्सोफोनवादक कोलमन म्हणाले, क्रमाने बांधून का घ्यायचं? धून वाजवा, तिचा भाव मनात ठेवा आणि तो भाव नेईल तिकडे जा. ऐकायला सोपं वाटतं, पण बासवाल्याच्या पायाखालची जमीनच यात काढून घेतली जाते. क्रमच नसेल तर तो दाखवणार काय?

हेडन यांनी यातून मार्ग काढला तो कानाने. कोलमन आता कुठे निघाले आहेत हे त्या क्षणी ऐकायचं आणि त्यांच्या वाक्याला शोभेल असा खालचा स्वर त्याच क्षणी शोधायचा. कधी एकाच स्वरावर ठाण मांडायचं, कधी कोलमन वळण घेण्याआधीच तिथे जाऊन थांबायचं. बालपणी आईच्या गुणगुणण्याखाली दुसरा सूर धरणारं बाळ जे करत होतं, तेच. डॉन चेरी कॉर्नेटवर, बिली हिगिन्स ड्रम्सवर. मे १९५९ मध्ये हॉलिवूडमध्ये 'द शेप ऑफ जॅझ टु कम' ध्वनिमुद्रित झालं.

नोव्हेंबर १९५९ मध्ये ही चौकडी न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये वाजवू लागली आणि शहरात दोन तट पडले. कोणी म्हणे हेच उद्याचं संगीत, कोणी म्हणे यांना वाजवताच येत नाही. हेडन डोळे मिटून वाजवायचे. ते सांगत, एका रात्री डोळे उघडले तर एक गृहस्थ मंचावर येऊन त्यांच्या बासला कान लावून उभे होते. ते होते लिओनार्ड बर्नस्टाइन, न्यूयॉर्क फिलहार्मनिकचे संचालक. तुम्ही कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. हेडन यांनी सांगितलं, स्वतःचा स्वतः शिकलो. तेव्हा वय बावीस.

'द शेप ऑफ जॅझ टु कम'मधली 'लोनली वुमन' ऐकली, पण बासचं काय विशेष ते कळलं नाही. कसं ऐकायचं?

पहिल्या वेळी फक्त सुरुवात ऐका. ड्रम्सचा वेग भराभर पुढे पळतो आहे. त्याच्या जोडीला हेडन दोन तारा एकत्र छेडून एक जड, संथ झंकार धरून बसले आहेत. मग सॅक्सोफोन आणि कॉर्नेट येतात, ते या दोघांपेक्षाही निवांत, जणू त्यांना ड्रम्सच्या घाईशी देणंघेणं नाही. वेगाचे तीन थर एकमेकांवर तरंगत राहतात आणि ते फुटून वेगळे होत नाहीत, कारण मधली गाठ बासने बांधलेली असते.

दुसऱ्यांदा ऐकताना सॅक्सोफोनकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बास त्यातून येतच नाही. साधे का होईना, इयरफोन लावा. अर्ध्या लोकांना 'बास काही करत नाही' असं वाटतं ते मोबाइलमुळे.

त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेली 'रॅम्बलिन' ही रचनाही घ्या. तीत हेडन यांचं एकल वादन आहे आणि त्यात 'ओल्ड जो क्लार्क' ही जुनी लोकधून अचानक डोकावते. जगातल्या सगळ्यात बंडखोर समजल्या गेलेल्या चौकडीत बसून हा माणूस बालपणी रेडिओवर गायलेलं संगीत वाजवतो आहे. त्यांनी ते कधी टाकून दिलं नाही, लपवलंही नाही.

ते व्यसनाच्या आहारी गेले होते का?

हो, हेरॉइनच्या. १९६० मध्ये त्यापायी त्यांना कोलमन यांची चौकडी सोडावी लागली. पुढे कॅलिफोर्नियातल्या सिनॅनॉन या व्यसनमुक्ती केंद्रात राहून ते सावरले आणि साठच्या दशकाच्या मध्यानंतर पुन्हा जोमाने वाजवू लागले. त्या पिढीतले किती तरी जॅझ वादक या वाटेने गेले ते परतलेच नाहीत. याबद्दल हेडन मोकळेपणाने बोलत.

लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा म्हणजे काय?

१९६९ मध्ये हेडन यांनी उभा केलेला तेरा जणांचा वाद्यवृंद. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं. संगीताची बांधणी पियानोवादक कार्ला ब्ले यांनी केली आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षं त्या या वाद्यवृंदाचा कणा राहिल्या. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर सगळे वादक मोर्चातल्यासारखे कापडी फलक धरून उभे आहेत.

आत काय आहे? स्पॅनिश यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्यांची गाणी, क्रांतिकारक चे गव्हेरावरची हेडन यांची 'साँग फॉर चे' ही रचना, आणि शेवटी 'वी शॅल ओव्हरकम', जे आपण शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणून गायलो. मधे 'सर्कस ६८ ६९' नावाची एक रचना आहे. १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात युद्धविरोधी ठराव हरला, तेव्हा विरोधात असलेले प्रतिनिधी उभे राहून 'वी शॅल ओव्हरकम' गाऊ लागले आणि सभागृहातल्या बँडने देशभक्तीची गाणी वाजवून त्यांचा आवाज दाबायचा प्रयत्न केला. हेडन यांनी वाद्यवृंदाचे दोन भाग करून तो प्रसंगच उभा केला.

हा वाद्यवृंद कायमचा नव्हता. गरज वाटली की ते माणसं पुन्हा जमवायचे. १९९० च्या 'ड्रीम कीपर'मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या स्वातंत्र्यलढ्याचं गीत आहे, २००५ चा 'नॉट इन अवर नेम' इराक युद्धाच्या काळातला.

पोर्तुगालमध्ये त्यांना अटक झाली होती. नेमकं काय झालं?

मराठी आणि गोव्याच्या वाचकांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

नोव्हेंबर १९७१. लिस्बनजवळच्या काश्काइश या गावी जॅझ महोत्सव भरला होता. कोलमन यांच्या गटाबरोबर हेडन तिथे गेले. पोर्तुगालमध्ये तेव्हा सालाझार यांच्या वारसांची हुकूमशाही चालू होती आणि आफ्रिकेतल्या अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊ इथे वसाहतींचं युद्ध. अशा देशात वाजवायचंच का, हा प्रश्न हेडन यांना छळत होता. शेवटी त्यांनी ठरवलं, जायचं, पण गप्प बसायचं नाही. मंचावर 'साँग फॉर चे' सुरू होण्याआधी ते माइकसमोर गेले आणि ही रचना अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊच्या मुक्तिलढ्यांना अर्पण करतो असं त्यांनी जाहीर केलं. हजारोंच्या गर्दीतून, विशेषतः विद्यार्थ्यांतून, एकच जल्लोष उठला.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर गुप्त पोलिसांनी त्यांना उचललं. तेव्हा नाव बदललेलं असलं तरी लोक त्या पोलिसांना पीडे म्हणूनच ओळखत. चौकशी झाली. अमेरिकी दूतावासातल्या सांस्कृतिक अधिकाऱ्याने मध्यस्थी केल्यावर सुटका झाली. मायदेशी परतल्यावर एफबीआयनेही त्यांच्याकडे विचारपूस केली.

गोव्याच्या लढ्यातल्या लोकांना पीडे काय चीज होती हे सांगावं लागत नाही. सांगलीत जन्मलेले मोहन रानडे याच राजवटीच्या तुरुंगात चौदा वर्षांच्या आसपास होते, आधी गोव्यात आणि नंतर थेट पोर्तुगालमध्ये. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी समिती स्थापून झटणारे होते आपले सुधीर फडके. गीतरामायणाच्या चाली बांधणारा संगीतकार आणि आयोवाचा बासवादक एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण एकाच सत्तेसमोर दोघंही उभे राहिले. हा योग मला नेहमी नोंदवावासा वाटतो, कारण मराठीत तो कुणी मांडलेला माझ्या वाचनात नाही.

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालची हुकूमशाही कोसळली. त्यानंतर हेडन यांनी 'क्लोजनेस' हा द्वंद्ववादनाचा अल्बम केला. त्यात ड्रम्सवादक पॉल मोशियन यांच्यासोबतच्या 'फॉर अ फ्री पोर्तुगाल' या रचनेत काश्काइशच्या त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण वापरलं आहे. त्यांचा आवाज आणि त्यामागून उसळणारी गर्दी, दोन्ही त्यात ऐकू येतात.

भारतीय संगीताशी त्यांचा काही संबंध आला का?

थेट नाही, पण जवळून स्पर्श झाला. ॲलिस कोल्ट्रेन स्वामी सच्चिदानंदांच्या शिष्या झाल्या होत्या. त्यांच्या 'जर्नी इन सच्चिदानंद' या अल्बममधल्या, न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेटमध्ये १९७० साली मैफलीत मुद्रित झालेल्या एका दीर्घ रचनेत बास हेडन यांचा आहे. वर सांगितलेल्या 'क्लोजनेस'मध्येही दोघांचं वादन आहे, हार्प आणि बास. नाव 'फॉर तुरिया'. तुरीया हे ॲलिस यांनी स्वतः घेतलेलं नाव. हेडन यांच्या एकूण कामात याहून शांत तुकडा मला माहीत नाही.

शिवाय ज्या कॅलआर्ट्समध्ये हेडन शिकवत तिथे भारतीय संगीताचा विभाग आधीपासून होता. सुरुवातीच्या काळात पंडित रविशंकर त्याच्याशी जोडलेले होते, आणि पुढे मुंबईचे पंडित तारानाथ राव तिथे तबला शिकवत होते.

शिक्षक म्हणून ते कसे होते? काय शिकवायचे?

कॅलआर्ट्स लॉस एंजेलिसच्या उत्तरेला व्हॅलेन्शिया इथे आहे. तिथला जॅझ अभ्यासक्रम हेडन यांनी १९८२ मध्ये सुरू केला. ज्या काळात अमेरिकेतल्या जॅझ शाळा स्केल्स, कॉर्ड्स आणि वेगवान बोटं यांच्या मागे होत्या, त्या काळात हे वेगळं दुकान होतं. तंत्र नको असं त्यांचं म्हणणं कधीच नव्हतं, पण ते सुरुवात भलतीकडून करायचे.

पहिला मुद्दा, तुमचा स्वतःचा आवाज कुठे आहे? वाद्यातून निघणारा नाद तुमचाच वाटला पाहिजे. ते स्वतः एक स्वर वाजवायचे आणि कोण वाजवतंय ते कळायचं. तो ओळखीचा नाद मिळेपर्यंत बाकी सगळं उसनं, असं त्यांचं मत.

दुसरा मुद्दा ऐकण्याचा. बासवाल्याने आपल्या बासपेक्षा इतरांचं जास्त ऐकावं. समोरचा वादक सुंदर वाजला तर त्यात तुमचा हात असला पाहिजे, मग तो कुणाला दिसो वा न दिसो.

तिसरा मुद्दा ऐकून पुष्कळ विद्यार्थी सुरुवातीला गोंधळायचे. हेडन सांगायचे, की चांगला वादक व्हायचं तर आधी चांगला माणूस व्हायला लागा. नम्र राहा, दुसऱ्याला द्यायला शिका, मिळालं त्याची कृतज्ञता ठेवा. वाजवत असतानाच्या क्षणी माणसाचा अहंकार गळून पडतो, आणि वाद्य खाली ठेवल्यावरही तसंच राहता आलं पाहिजे. प्रत्येक स्वर असा वाजवा की त्यासाठी जीव द्यावा लागला तरी चालेल, हेही ते वारंवार म्हणत.

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी ते कीर्तन म्हणून सोडून दिलं असतं. पण काश्काइशच्या मंचावर माइक हातात घेणारा माणूस हे बोलतो तेव्हा त्याला वजन असतं. आवाज गमावलेला, व्यसनातून बाहेर आलेला, तुरुंगाच्या दारात उभा राहिलेला शिक्षक वर्गात समोर बसलेला असताना स्वर म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नसावं.

त्यांचे नावाजलेले विद्यार्थी कोण?

बासवादक स्कॉट कॉली, ट्रम्पेटवादक राल्फ अलेसी, सॅक्सोफोनवादक रवी कोल्ट्रेन. हे तिघंही आज स्वतंत्र ओळखीचे वादक आहेत आणि एकाचंही वादन दुसऱ्यासारखं नाही. रवी हे जॉन आणि ॲलिस कोल्ट्रेन यांचे चिरंजीव, त्यांचं नाव रविशंकरांवरून ठेवलेलं. बापाचं एवढं मोठं नाव डोक्यावर असताना त्याच वाद्यावर स्वतःचा सूर शोधायचा, हे अवघड काम त्यांनी हेडन यांच्या हाताखाली सुरू केलं.

त्यांचं वाद्य कोणतं होतं?

एकोणिसाव्या शतकातला, फ्रान्समधले प्रसिद्ध कारागीर झां-बातीस्त व्हियोम यांचा डबल बास. वरच्या दोन तारा ते आतड्याच्या वापरत. लोखंडी तारांपेक्षा आतड्याच्या तारेचा स्वर लवकर विझतो, पण त्याला लाकडाचा गोडवा असतो. हेडन यांचा तो उबदार, गोल नाद यातून आणि उजव्या हाताच्या ताकदीतून यायचा. ॲम्प्लिफायर कमीत कमी.

त्यांच्या कानांना त्रास होता. सतत घंटा वाजल्यासारखा आवाज यायचा, आणि मोठे आवाज असह्य व्हायचे. म्हणून मंचावर ड्रम्स आणि ते यांच्यामध्ये पारदर्शक पडदा लावलेला फोटोंत दिसतो.

क्वार्टेट वेस्टबद्दल थोडं सांगाल?

१९८६ मध्ये पत्नी रूथ कॅमेरॉन यांच्या सूचनेवरून काढलेली चौकडी. सॅक्सोफोन अर्नी वॉट्स, पियानो ॲलन ब्रॉडबेंट, ड्रम्स आधी बिली हिगिन्स आणि मग लॅरन्स मॅरेबल. चाळीसच्या दशकातलं लॉस एंजेलिस, त्या वेळचे रहस्यपट, त्या वेळच्या गायिका, हा त्यांचा विषय. बंडखोर हेडन ऐकून आलेल्या माणसाला हे फार गुळगुळीत वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. सुंदर धून न मोडता वाजवणं हीसुद्धा त्यांच्या मते बाजू घेण्यासारखीच गोष्ट होती.

त्यांना कोणते सन्मान मिळाले?

तीन ग्रॅमी. पहिलं पॅट मेथनींबरोबरच्या 'बियाँड द मिसुरी स्काय'साठी, उरलेली दोन 'नॉक्टर्न' आणि 'लँड ऑफ द सन' या लॅटिन जॅझ अल्बमसाठी. १९७० मध्ये गुगेनहाइम पाठ्यवृत्ती, २०१२ मध्ये अमेरिकेतला जॅझमधला सर्वोच्च शासकीय सन्मान. १९८९ मध्ये माँट्रिऑलच्या महोत्सवाने सलग आठ रात्री त्यांच्या स्वाधीन केल्या होत्या, रोज वेगळे साथीदार. वादक म्हणून हा मान मला पदकांपेक्षा मोठा वाटतो.

घरात आणखी कुणी संगीतात आहे का?

चारही मुलं. मुलगा जॉश स्वतःचा बँड चालवतो. पेट्रा, टान्या आणि रेचल या तिळ्या बहिणी, तिघीही गातात आणि वाजवतात. 'रॅम्बलिंग बॉय'मध्ये सगळे एकत्र आहेत. टान्याचे पती, हॉलिवूडचे अभिनेते जॅक ब्लॅक, त्यात 'ओल्ड जो क्लार्क' गायले आहेत. होय, १९५९ मध्ये बासवर डोकावलेली तीच धून.

ते पुन्हा कधी गायले का?

दोनदा, ध्वनिमुद्रणात. १९९९ च्या 'द आर्ट ऑफ द साँग'मध्ये 'वेफेअरिंग स्ट्रेंजर' आणि 'रॅम्बलिंग बॉय'च्या शेवटी 'शेनांडोआ'. आवाज कापरा आहे, दम तुटतो. पण सूर कुठेही सरकत नाही.

त्यांचा मृत्यू कशाने झाला?

पोलिओच्या दूरगामी परिणामांनी. पोलिओत काही नसा मरतात आणि वाचलेल्या नसा त्यांचं ओझं उचलतात. अनेक दशकांनी त्याही थकतात आणि पन्नास वर्षांपूर्वीचा आजार परत डोकं वर काढतो. गिळणं अवघड झालं, अशक्तपणा वाढला, यकृताचा आजारही होता. शेवटची काही वर्षं त्यांना जाहीर वादन करता आलं नाही. २००७ मध्ये कीथ जॅरेट यांच्या घरच्या स्टुडिओत दोघांनी निवांत बसून वाजवलेलं संगीत 'जास्मिन' आणि 'लास्ट डान्स' या दोन अल्बममध्ये आलं, त्यातला दुसरा त्यांच्या निधनाच्या थोडाच आधी.

मी जॅझ कधीच ऐकलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

'बियाँड द मिसुरी स्काय'पासून. मुख्यतः गिटार आणि बास, दोघंही मिसुरीशी नातं असलेले, धुना सोप्या. मग पियानोवादक हँक जोन्स यांच्याबरोबरचा 'स्टील अवे', ज्यात चर्चमधली जुनी भजनं आहेत. आईबरोबर मागच्या बाकावर ऐकलेली हीच ती. त्यानंतर लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्राचा पहिला अल्बम, आणि ऑर्नेट कोलमन सगळ्यात शेवटी. बरेच जाणकार उलटा क्रम सांगतात, इतिहासाप्रमाणे. तसं केलं तर निम्मे लोक पहिल्याच दिवशी सोडून देतात.

मी बास शिकतो आहे. हेडन यांच्याकडून रियाजासाठी काय उचलू?

'मिसुरी स्काय' लावा आणि बासचे स्वर बोटांनी शोधण्याआधी गळ्याने म्हणा. जे म्हणता येत नाही ते वाजवू नका. मग एकच स्वर घ्या, खालच्या तारेवरचा, आणि तो छेडल्यावर पूर्ण विझेपर्यंत पुढचा वाजवू नका. विझताना त्याचा रंग कसा बदलतो ते ऐका, छेडण्याची जागा पट्टीवर थोडी वर-खाली करून पाहा, बोटाचं टोक आणि बोटाची कड यांतला फरक बघा. वेगाचे धडे नंतर करता येतील. आणि कुणाबरोबर वाजवायला बसलात की पहिलं आवर्तन नुसतं ऐका, हात तारांवर ठेवून.